अंकुशराव आणि मागं राहिलेले मेसेज

अंकुशराव पांढरे यांच्या चहात साखर घालायची की नाही, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. पहिल्यांदा ते आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी आले तेव्हा सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, स्वयंपाकघरातून विचारलं, "भाऊजी, साखर घालू ना?"

"असली तर असू द्या, नसली तर नसू द्या," बाहेरून उत्तर गेलं.

"अहो, घरात आहे साखर. तुम्हाला हवी का ते विचारतेय."

"दोन्ही बसतंय वहिनी."

सुनंदा दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघितलं. मी पेपरात डोकं घातलं. तिने पुन्हा प्रयत्न केला, "बरं, बिस्किटं?"

"एक तरी पाहिजे. जास्त कितीबी."

तिने पुडा फोडून बशीत ओतला. कितीबी म्हणजे खरोखरच कितीबी होतं, हे दहा मिनिटांत कळलं. अंकुशराव गेल्यावर ती म्हणाली, "हा माणूस असा का बोलतो हो?" तेव्हा तिला जे समजावून सांगावं लागलं, ते इथेही सांगतो.

आम्ही दोघं वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीला आहोत. गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथे. माझ्याकडे ट्रान्सपोर्ट आहे, म्हणजे शिफ्टच्या बसेस, त्यांचे मार्ग, त्यांची बिलं. मी आकड्यांचा माणूस आहे. बस पाच वाजून दहा मिनिटांनी सुटायची तर ती पाच दहालाच सुटली पाहिजे, या मताचा. अंकुशराव माझ्या शेजारच्या खोलीत, कॉम्प्युटर विभागात.

आमच्याकडे बसची जागा मोबाइलवर मेसेज पाठवून सांगायची पद्धत आहे. कामगाराने आदल्या दिवशी आपला टोकन नंबर, उद्याची पाळी आणि बसचा थांबा एका ठरावीक नंबरवर पाठवायचा. ते सगळे मेसेज एका सॉफ्टवेअरमध्ये पडतात. पडद्यावर बघाल तर चौकोन दिसतात आणि चौकोनांना जोडणाऱ्या रेघा. एका चौकोनातून मेसेज आत शिरतो, पुढच्यात त्याची साफसफाई होते, शेवटच्या चौकोनातून ड्रायव्हरची यादी बाहेर पडते. मधला एक चौकोन अंकुशरावांचा. त्याचं काम एवढंच, की लोकांनी लिहिलेल्या रामायणातून या तीन गोष्टी तेवढ्या उचलायच्या.

उचलायच्या कशा, तर त्यासाठी एक ओळ लिहावी लागते. तिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. दिसायला ती ओळ कुणीतरी कीबोर्डवर बसून गेल्यासारखी दिसते: कंस, तिरक्या रेघा, प्रश्नचिन्हं, चांदण्या. पण प्रत्येक खुणेला अर्थ असतो. प्रश्नचिन्ह म्हणजे मागची गोष्ट असली तर असू दे, नसली तर नसू दे. अधिकचं चिन्ह म्हणजे एक तरी पाहिजे, जास्त कितीही. इतकी वर्षं या खुणांबरोबर काढल्यावर अंकुशराव माणसांशीही त्याच भाषेत बोलू लागले. ते लग्नाची पत्रिका वाचत नाहीत, तपासतात. "चि., मग नाव, मग कंसात डिग्री, असली तर असू दे," असं पुटपुटतात आणि मुलाचं नाव विसरतात. सिग्नलला उभे राहिले की पुढच्या गाडीचा नंबर बघून म्हणतात, "दोन अक्षरं, दोन आकडे, दोन अक्षरं, चार आकडे. बसला!" पुढचा गाडीवाला मागे वळून बघतो, कोण बसला.

एका खुणेवर मात्र त्यांचा राग आहे. ठिपका आणि त्यापुढे चांदणी. या जोडीचा अर्थ 'काहीही, कितीही'. "अधाशी जोडीय ती," ते म्हणतात. "समोर येईल ते गिळती. आळशी माणसाचं हत्यार." पुण्याहून एकदा एक सल्लागार आला होता. त्याने अंकुशरावांची लांबलचक ओळ बघून कपाळाला हात लावला आणि तिच्या जागी एक आटोपशीर ओळ ठेवली: आधी टोकन नंबर, आणि त्यापुढे जे असेल तो थांबा. ठिपका, चांदणी, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर सलीमभाई यादी हातात घेऊन माझ्यासमोर उभे.

"कदम साब, ये स्टॉप किधर पडता? हर्सूल के आगे क्या?"

मी यादी घेतली. टोकन नंबरापुढे थांब्याच्या रकान्यात छापलं होतं: साहेब उद्या येत नाही मुलीला ताप आहे.

सल्लागार परत पुण्याला गेला. अंकुशरावांची लांबलचक ओळ परत आली.

ती लांब का, हेही सांगायला हवं. आमची माणसं जशी बोलतात तशी लिहितात. कुणी मराठी आकडे, कुणी इंग्रजी. पहिली पाळी कुणाला 'फस्ट', कुणाला 'सकाळची', कुणाला 'मॉर्निंग', कुणाला नुसतं 'सहाची'. कुणी लिहितं, 'कल सुबह की शिफ्ट, रोशन गेट, दुवा में याद'. शहराचं नाव तर प्रत्येक जण आपापल्या मनाने लिहितो, जुनं, नवं, अर्धं, आद्याक्षरांत. त्यावरून कँटीनमध्ये वाद झाला तेव्हा अंकुशरावांनी ताटावरून मान वर केली नाही. "माझ्या ओळीत समदी बसवलीत," एवढंच म्हणाले. "बस त्याच रस्त्यानं जाती."

आणि लक्ष्मीबाई. या आमच्याकडे साफसफाईला आहेत, ठेकेदाराच्या. टीव्ही सेंटर भागात राहतात. लिहिता येत नाही, म्हणून फोनमध्ये बोलतात आणि फोन ते लिहून पाठवतो. त्यांचा एक मेसेज अंकुशरावांनी मला दाखवला होता: 'उद्या पहिली पाळी चार आठ ए बंड्या उतर खाली पडशील मेल्या दोन सहा टीव्ही सेंटर'.

"बघा," अंकुशराव म्हणाले, "टोकन नंबराच्या मधी नातू आलाय."

"मग? फेकला असेल तुमच्या सॉफ्टवेअरने."

"फेकलाच व्हता. मी उचलला."

जे मेसेज ओळीत बसत नाहीत ते एका बाजूच्या चौकोनात जमा होतात. सॉफ्टवेअरने त्याला 'रिजेक्ट' असं नाव दिलेलं होतं. अंकुशरावांनी ते खोडून तिथे लिहिलं: मागं राहिलेली. त्यांचं गाव अजिंठ्याच्या अंगाला. वडील मेंढरं राखायचे. "आबा सांजेला मेंढरं जाळीत कोंडायचे," त्यांनी एकदा सांगितलं, "तवा कळप आला म्हणून लगेच जाळी बांधत नव्हते. एखादं लंगडं आसतं, एखादी वाटंत व्यालेली आसती. ती मागंच राहणार. मागं कोण राहिलं हे बघितल्याबिगर आबा भाकरीला बसत नसत." अंकुशरावही संध्याकाळी तो चौकोन उघडून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय घरी जात नसत. एकेक मेसेज वाचायचा, हाताने यादीत घालायचा, आणि तसा पुन्हा आला तर बसावा म्हणून ओळीत आणखी एक खूण वाढवायची. दुसऱ्या दिवशी जिन्यात लक्ष्मीबाई भेटल्या की विचारायचे, "काय मावशी, बंड्या उतरला का खाली?"

"तुमाला कसं ठावं?" लक्ष्मीबाई फरशी पुसायचं फडकं तसंच धरून उभ्या राहायच्या.

हे असं बरं चाललं होतं. मग आमच्याकडे सबनीस साहेब आले.

सबनीस नवे एचआर मॅनेजर. वयाने आमच्यापेक्षा लहान, हुशार, आणि एक गोष्ट मी स्पष्ट सांगतो, वाईट माणूस नाही. त्यांना बसेस वेळेवर हव्या होत्या. मलाही हव्या होत्या. त्यातच अंकुशरावांची ओळ एकदा चुकली. एकाने लिहिलं होतं, 'उद्या पहिल्या पाळीला पडेगावहून येणार नाही', पुढे टोकन नंबर. ओळीला पाळी सापडली, पडेगाव सापडलं, नंबर सापडला. 'नाही' कुणी विचारलंच नव्हतं. सलीमभाई बस घेऊन पडेगावच्या थांब्यावर त्याची वाट बघत बसले आणि बसमधले सगळेच कारखान्यात उशिरा पोहोचले. गेटवर सगळ्यांच्या हजेरीला लाल रेघ.

सबनिसांनी बैठक बोलावली. ते, अंकुशराव आणि मी, तिघंच.

"आता हे बंद," सबनीस म्हणाले. "एक तारखेपासून एकच फॉरमॅट. टोकन, स्वल्पविराम, पाळी, स्वल्पविराम, थांबा. इंग्रजीत. बसला तर बस, नाही बसला तर नाही. तुमची ती दोन फूट लांब ओळ काढा आणि एक साधी, कडक ओळ टाका. बाकीचं आपोआप रिजेक्ट."

मला हे पटलं होतं. मी मान डोलावली, ते लपवत नाही.

"चूक माझी व्हती," अंकुशराव म्हणाले. "'नाय' शब्द असलेला मेसेज आजपासून आपोआप बाजूला निघंल, अन् मी डोळ्यानं वाचीन. ते मी सकाळीच करून ठेवलंय. पण कडक ओळ मी लिहिणार नाय."

"काऊन?" सबनीस म्हणाले. आमच्यात राहून 'का'साठी त्यांनी एवढा एक शब्द उचलला होता.

"लक्ष्मीबाईला स्वल्पविराम येत नाय."

"शिकेल."

"शिकंस्तोवर बस थांबणार नाय. दोन दिवस बस चुकली की ठेकेदार तिसऱ्या दिवशी दुसरी बाई आणतो. तुमाला ठावं हाय, मला ठावं हाय, ह्या कदम भाऊंना ठावं हाय."



"अंकुशराव, जगात सगळीकडे फॉरमॅट असतो," सबनीस समजुतीने म्हणाले. "रेल्वेचं तिकीट काढताना तुम्ही काय गोष्ट लिहून देता का?"

"रेल्वे मला वळखत नाय साहेब. आपण लक्ष्मीबाईला वळखतो."

"म्हणजे तुमचं उत्तर नाही असं आहे."

"व्हय."

"व्हय की नाही?"

"व्हय, नाय असंच हाय."

सबनिसांचा चेहरा लाल झाला. "याला शिस्तभंग म्हणतात."

"म्हणा. तेबी माझ्या ओळीत बसतंय."

"ठीक आहे. चाकणच्या प्लँटला तुमच्यासारख्या माणसाची गरज आहेच. सोमवारपर्यंत विचार करा. इथे कडक ओळ, नाहीतर चाकण."

मला वाटलं आता तरी हा माणूस नमेल. अंकुशराव उठले, खुर्ची सरळ केली. "पाठवा की," म्हणाले. "तिथलीबी माणसं बोलतच आसतील."

ते गेल्यावर सबनिसांनी परिपत्रकाचा कागद माझ्याकडे सरकवला. बसविषयीचं परिपत्रक ट्रान्सपोर्टच्या सहीने निघतं. "सोमवारी सही करून द्या," म्हणाले. "आणि तुमच्या मित्राला जरा समजवा. मला त्यांना घालवायचं नाहीये."

म्हणून शनिवारी संध्याकाळी मी अंकुशरावांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ते कुणाला घरी बोलावत नसत आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. हडको वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार त्यांनीच उघडलं. हाताला कणीक लागलेली.

"या, या. बसा. लई दिवसांनी कुणीतरी आलं."

खिडकीशी खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवलेलाच. अंकुशराव म्हणाले, "ही मंगल. मंगल, हे कदम भाऊ, आमच्या ऑफिसातले. बसेसवाले."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. डोळे चांगले तल्लख. म्हणाल्या, "चमचा. निळा चमचा, अगं, मंगळवारी भिंत."

मी हसून मान हलवली, दुसरं काय करणार. अंकुशराव हात धुता धुता म्हणाले, "पंखा लावा म्हणती तुमच्यासाठी. उकडतंय ना."

वहिनींनी मान डोलावली. बरोबर होतं. पंखा लागला.

काही वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. चालणं थोडं परत आलं. बोलणंही आलं, पण शब्दांच्या जागा बदलून आले. मनात एक असतं, तोंडातून दुसरंच निघतं, आणि आपण चुकीचं बोललो हे त्यांना लगेच कळतं. सुरुवातीला नातेवाईक यायचे. 'काय म्हणतेय कळत नाही' म्हणत एकमेकांकडे बघायचे. मग वहिनी त्यांच्यापुढे बोलेनाशा झाल्या. मग ते यायचे थांबले. दिवसभर शेजारची एक बाई सोबत असते, संध्याकाळी अंकुशराव. ऑफिसात यातलं कुणाला अवाक्षर माहीत नव्हतं.

"तुम्ही काहीतरी पद्धत बसवली असेल," मी म्हणालो. "चमचा म्हणजे पंखा, असं."

"कशाची पद्धत. उद्या चमचा म्हणजे दूध असंल." ते कणकेचा गोळा परातीत फिरवत राहिले. "हितं ओळ लिहिता येत नाय कदम भाऊ. हितं बसावंच लागतं."

मी आलो होतो त्याचा विषय काढणं भाग होतं. आवाज खाली आणून म्हणालो, "हे सबनिसांना सांगा. ते चांगले आहेत. वहिनींची तब्येत कळली की चाकणचं नाव काढणार नाहीत. पाहिजे तर मी सांगतो."

अंकुशरावांनी लाटणं खाली ठेवलं. इतकी वर्षं मी त्यांना गमतीचा माणूस समजत होतो. तो चेहरा मी पहिल्यांदा बघितला.

"सांगायचं नाय. तुमीबी नाय."

"अहो, पण वहिनींना घेऊन तुम्ही चाकणला..."

"सांगितलं तर काय व्हईल? साहेब माझ्यावर दया करील. मला हितं ठेवील, अन् परिपत्रक काढील. माझी बदली टळंल, लक्ष्मीबाईची बस जाईल. मला दया नकोय. मला बस पाहिजे."

"आणि चाकणला जावं लागलं तर?"

"तर जाऊ. मंगलला घेऊन जाऊ. पण ती ओळ माझ्या हातानं व्हणार नाय. एवढी एक गोष्ट तरी माझ्या हातात हाय का नाय?"

मी हिशेबी माणूस आहे. पुढचं सांगण्याआधी परिपत्रकाचं काय झालं ते पुरं करून टाकतो. सोमवारी मी तो कागद सहीशिवाय परत केला. सबनिसांनी कारण विचारलं. मी म्हणालो, "आपल्या ट्रान्सपोर्टच्या नियमात लिहिलंय, टोकन असलेल्या प्रत्येक कामगाराला बस मिळेल. या कागदात लिहिलंय, फॉरमॅटमध्ये न बसणाऱ्याला बस मिळणार नाही. पहिल्यावर माझी सही आधीच आहे. दोन्हींवर करता येत नाही."

"कदम, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

"मग मी वर पाठवतो."

"पाठवा. ट्रान्सपोर्टने सही का केली नाही, असं ते विचारतील. तेव्हा मी हेच सांगेन."

त्यांनी कागद वर पाठवला नाही, फाडलाही नाही. काही महिने तो त्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली होता. चाकणची ऑर्डर निघाली नाही. पुढे सबनीसच चाकणला गेले, शिक्षा म्हणून नव्हे, बढतीवर. निरोप समारंभात त्यांनी अंकुशरावांना मिठी मारली. लक्ष्मीबाईंची बस टीव्ही सेंटरला थांबते. अंकुशरावांची ओळ आता दोन फुटांची तीन फूट झाली आहे. हे सगळं लिहू का म्हणून मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "लिहा. मंगलला मी विचारलं, ती हसली."

आता त्या शनिवारकडे येतो. मी निघायला उठलो तेव्हा वहिनी काहीतरी म्हणाल्या. "दोन दरवाजे, एकच... एकच पातेलं. पातेलं कुठं?"

"भात टाकू का म्हणती," अंकुशराव म्हणाले.

वहिनींनी जोरात मान हलवली. नाही.

"चहा?"

नाही. त्यांनी डावा हात खुर्चीवर आपटला. डोळ्यांत पाणी आलं, रागाचं.

"बरं, बरं. माझं चुकलं. परत सांग." अंकुशराव त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. घाई नाही, काही नाही. तव्यावरची पोळी करपू लागली, मी गॅस बंद केला. वहिनींनी पुन्हा सुरुवात केली. पातेलं झालं, दरवाजा झाला, मधेच 'हिरवी' असं काहीतरी आलं. मग त्या थांबल्या आणि डाव्या हाताने स्वतःच्या गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावून माझ्याकडे बोट दाखवलं.

अंकुशराव हसले. "हां! एकटेच काऊन आलात म्हणती. सुनंदावहिनींना घेऊन या."

वहिनी खुर्चीत मागे टेकल्या.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. मी सुनंदाला रिक्षात सगळं सांगून ठेवलं होतं, तरी आत शिरताना मला धाकधूक होती. अंकुशराव मला मुद्दाम खाली भाजी आणायला घेऊन गेले. परत आलो तर दोघी खिडकीशी बसलेल्या. मंगलवहिनी बोलत होत्या, भरभर, हातवारे करत, मधेच हसत. सुनंदा मटार सोलत "हो ना, हो ना" म्हणत होती, मधेच आपल्या जावेची तक्रार सांगत होती. आम्ही आलो ते दोघींनाही आवडलेलं दिसलं नाही. तास दीड तास हे चाललं. अंकुशराव आतल्या खोलीच्या दारात उभे राहून नुसते ऐकत होते. एकदाही अर्थ सांगायला पुढे आले नाहीत.

जिना उतरताना मी सुनंदाला विचारलं, "एवढं काय बोलत होत्या?"

"देव जाणे. एक शब्द कळला नाही." तिने पदराने बोटांना लागलेलं मटाराचं हिरवं पुसलं. "पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलंय."